नाटककाराला तालमीत जागा मिळाली तेव्हा

राम गणेश गडकरी किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले तेव्हा त्यांना नाटककार म्हणून कोणी बोलावलेलं नव्हतं. कंपनीतल्या मुलांना शिकवायचं आणि पडेल ते काम करायचं, अशी ती नोकरी होती. पण तिथे रोज तालीम कानावर पडायची. त्याच कंपनीत गोविंद बल्लाळ देवल तालीममास्तर होते. 'शारदा'चा लेखक आणि नटांकडून वाक्य न् वाक्य घोटून घेणारा माणूस एकच होता. कुठलं वाक्य नटाच्या तोंडात अडकतं, कुठे प्रेक्षक चुळबुळतो, हे लेखकाला दुसऱ्याच दिवशी कळायचं. नव्या नाटककारांना आधार कसा द्यावा याची आज चर्चा होते, तिची सुरुवात मला इथे दिसते. त्या काळी त्यासाठी वेगळी योजना लागली नाही, कारण कंपनीच लेखकाची शाळा होती.

१९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक कंपन्या मोडल्या. पगारी नट गेले, रोजची तालीम गेली. लेखक घरी बसून नाटक लिहू लागला आणि ते कोणीतरी वाचावं म्हणून वाट पाहू लागला. १९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या हौशी मंडळींना दरवर्षी नवी संहिता हवीशी झाली. स्पर्धेचे हे उपकार मोठे आहेत. पण स्पर्धेला नाटक पूर्ण झालेलं लागतं. अर्धवट, चाचपडणाऱ्या खर्ड्याशी तिला काही करता येत नाही.

अशा खर्ड्याला लागणारी जागा १९६० साली मुंबईच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेने दिली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे ही माणसं एकत्र आली आणि लेखक पुन्हा तालमीच्या खोलीत आला. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. त्यातलं नायिका बेणारेचं स्वगत आज नाटकाचा प्राण मानलं जातं, पण तेंडुलकरांच्या मनात ते मुळात नव्हतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी हट्ट धरला म्हणून ते लिहिलं गेलं. नव्या लेखकाला काय लागतं असं मला कोणी विचारलं तर मी आधी हीच गोष्ट सांगतो. लेखकाशी भांडण्याइतपत त्याच्या नाटकावर जीव असलेलं माणूस जवळ हवं, आणि ते भांडण पहिल्या प्रयोगाआधी व्हायला हवं.

त्याच सुमारास नागपूरहून महेश एलकुंचवार यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा'त छापून आली. ती विजया मेहतांच्या नजरेला पडली आणि 'रंगायन'ने त्यांच्या एकांकिका केल्या. मासिकाचं पान, दिग्दर्शिकेची नजर आणि संस्थेचा रंगमंच असे तीन दुवे जुळले. यातला एक जरी निखळला असता तर एलकुंचवारांचा 'वाडा चिरेबंदी' या नाटकापर्यंतचा प्रवास झाला असता की नाही, सांगवत नाही.

पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आणि १९७४ पासून फिरोदिया करंडक या स्पर्धांनी महाविद्यालयीन मुलांना लिहितं केलं. मुंबईत १९७१ मध्ये निघालेल्या 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. तिथे कमी खर्चात नवं नाटक लावता येई आणि ते पडलं तरी कोणी कर्जबाजारी होत नसे. पडण्याची ही मुभा फार मोलाची होती.

पुण्याची 'थिएटर अकॅडमी' ही नाट्यसंस्था वादातून जन्मली. १९७२ च्या डिसेंबरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं आणि वाद झाल्यावर थोड्याच प्रयोगांनंतर ते थांबवलं. ते करणारी तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' (१९७४) तिथलंच. म्हणजे लेखकाला स्वतःची संस्था असली की काय घडतं, हे आळेकरांनी स्वतः अनुभवलं होतं. त्यांच्याच कल्पनेतून आणि समन्वयाखाली थिएटर अकॅडमीची नाटककार विकास योजना उभी राहिली. जोडीला पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंस्थांसाठी दुसरी योजना होती. दोन्हींना १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी संस्थेचं अर्थसाहाय्य होतं.

या दोन योजना एकत्र होत्या, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. लातूर किंवा नांदेडच्या लेखकाला कितीही शिकवलं, तरी त्याच्या गावात नाटक बसवणारी मंडळीच नसतील तर तो पुन्हा एकटाच पडणार. संगीत नाटक अकादमीची तरुण रंगकर्मींसाठीची योजनाही त्याच दशकातली, १९८४ ते १९९४ ची. पण तिचा भर दिग्दर्शकांवर आणि लोककलांच्या वापरावर होता. नाटककाराला मध्यभागी ठेवणारा पुण्याचा प्रयत्न म्हणूनच वेगळा ठरतो.

फोर्डचा पैसा थांबल्यावर या कामाला दुसरे आसरे शोधावे लागले. आळेकर १९९६ ते २००९ पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख होते आणि तिथून लिहिती मुलं बाहेर पडत राहिली. मुंबईत 'रेज' या संस्थेने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरबरोबर लेखकांच्या कार्यशाळा घेतल्या. इरावती कर्णिक, मनस्विनी लता रवींद्र यांच्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्यांनाही त्यांचा लाभ झाला. तिथली पद्धत पुन:पुन्हा लिहून घेण्याची. आधी खर्डा, मग त्यावर प्रश्न, मग नवा खर्डा आणि बऱ्याच पुढे प्रयोग. प्रेमानंद गज्वी यांच्या बोधी नाट्य परिषदेने नाट्यलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या. 'घोटभर पाणी' लिहिणाऱ्या नाटककाराने नव्या लेखकांसाठी स्वतःचा वेळ काढला, याची नोंद नाट्यवर्तुळात व्हावी तितकी होत नाही. पुण्यात 'आसक्त' या नाट्यसंस्थेने 'रिंगण' या उपक्रमातून नाट्यवाचनं केली. वाचनाला नेपथ्य लागत नाही, चार खुर्च्या आणि तयारीचे नट पुरतात. त्यातही नाटक कुठे सैल पडतं ते लेखकाला ऐकू येतं.

अडचण आजही मधल्या टप्प्याची आहे. एकांकिका लिहायला स्पर्धा आहेत. नाटक व्यावसायिक रंगभूमीवर उभं राहिलं की निर्मात्याला सरकारी अनुदान मिळू शकतं आणि लेखकाला प्रयोगागणिक मानधन. पण एकांकिकेवर टाळ्या घेतलेली मुलगी पहिलं दोन अंकी नाटक लिहायला बसते, दुसरा अंक जमत नाही म्हणून फाडते आणि परत लिहिते. त्या सहा-आठ महिन्यांत तिचं घरभाडं मालिकांच्या संवादलेखनातून निघतं, आणि नाटकाची वही रात्री अकरानंतर उघडते.