मनू दिबांगो वेगळा, फेला कुटी वेगळा, आणि 'सोल माकोसा' अ‍ॅफ्रोबीट नाही

प्लेलिस्ट कोणाचीही असो, नाव 'आफ्रिकन जॅझ' नाहीतर 'अ‍ॅफ्रोबीट क्लासिक्स' असलं की त्यात मनू दिबांगोचं 'सोल माकोसा' हे गाणं असतंच, बहुतेक वेळा अ‍ॅफ्रोबीट हा प्रकार ज्याने घडवला त्या फेला कुटीच्या दोन गाण्यांच्या मधे दाबून बसवलेलं, आणि मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की मायकल जॅक्सनने फेलाचं ढापलं. अरे बाबांनो, ढापलं ते मनू दिबांगोचं! दिबांगो कॅमेरूनचा, फेला नायजेरियाचा. दोघं सॅक्सोफोन वाजवायचे, दोघं १९७० च्या दशकात जगभर पोचले, देश एकमेकांना लागून, बस्स, साम्य जवळपास इथेच संपतं. आफ्रिका म्हणजे एकच देश असं धरून चालणाऱ्यांना एवढं पुरतं हा भाग वेगळा.

फेलाबद्दल फार लिहीत नाही, या विषयावरचं वाचायला आलात म्हणजे तो तुम्हाला माहीतच असणार. लागोस शहर, श्राइन हा त्याचा क्लब, कलाकुटा हे त्याचं घर, १९७७ मधे त्या घरावर चालून आलेले सैनिक, तुरुंगवाऱ्या, लांबच लांब गाणी, ड्रमवर टोनी अ‍ॅलन. फक्त एक गोष्ट लोक विसरतात, फेला मुळात सॅक्सवाला नव्हताच. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो ट्रम्पेट शिकला, आणि बँडमधला टेनर सॅक्सवाला इगो चिको १९७३ मधे सोडून गेला तेव्हा यानं इरेला पेटून सॅक्स स्वतःच हातात घेतला. वाजवायचाही तसाच, छोटे छोटे तुकडे, तेच पुन्हा पुन्हा, थोडे खरबरीत. मला आवडतं, पण 'महान सॅक्सोफोनिस्ट फेला' वगैरे वाचलं की डोकं फिरतं. महान तो बँड बांधण्यात होता.

आता दिबांगो. जन्म १९३३, दुआला शहर. आईवडील प्रोटेस्टंट, त्यामुळे कानावर पहिलं गाणं पडलं ते चर्चमधलं. १९४९ मधे, पंधरा वर्षांचा असताना, शिकायला बोटीने फ्रान्सला रवाना, आणि सामानात तीन किलो कॉफी, कारण ज्या घरी राहायचं त्यांना खर्चापोटी काहीतरी द्यायला हवं आणि युद्धानंतरच्या फ्रान्समधे कॉफीला मोल होतं. पुढे आत्मचरित्राला त्याने नावच ते दिलं, तीन किलो कॉफी. फ्रान्समधे आधी पियानो, मग सॅक्स, मनात सिडनी बेशे आणि लुई आर्मस्ट्राँग हे अमेरिकन जॅझवाले. घरून अपेक्षा होती की पोरगा शिकून काहीतरी होईल, पोरगा क्लबमधे वाजवायला लागला. नंतर ब्रुसेल्स, आणि तिथे त्याला जोसेफ कबासेले भेटला, कॉंगोच्या 'आफ्रिकन जॅझ' या बँडचा म्होरक्या. त्याच्याबरोबर १९६१ मधे हा लिओपोल्डविलला, म्हणजे आजच्या किन्शासाला गेला, तिथून काही काळ कॅमेरून आणि १९६५ मधे परत पॅरिस.

हा क्रम मुद्दाम सांगतोय, कारण त्याच्याबद्दल जिथे तिथे लिहिलेलं असतं की त्याने आपल्या मातीतल्या परंपरेला जॅझची जोड दिली. ऐकायला छान वाटतं, पण झालं उलटं. जॅझ आधी आला, युरोपात बसून, आणि आफ्रिकेतलं लोकप्रिय संगीत हा माणूस मोठेपणी शिकला, तेही आधी कॉंगोचं, घरचं माकोसा, म्हणजे दुआलाचं नाचायचं संगीत, नंतर.

'सोल माकोसा'ची गोष्ट तर भन्नाट आहे. १९७२ मधे आफ्रिकन फुटबॉल कप कॅमेरूनमधे होता, त्यासाठी दिबांगोने एक गाणं केलं आणि रेकॉर्डची दुसरी बाजू रिकामी ठेवायची नाही म्हणून तिथे हे टाकलं. कप कॉंगोने (किन्शासावाला नव्हे, ब्राझाव्हिलवाला) नेला, कॅमेरून तिसरा. पण रेकॉर्डची एक प्रत फिरत फिरत न्यूयॉर्कला पोचली, ब्रुकलिनच्या एका वेस्ट इंडियन दुकानात डेव्हिड मॅन्कुसो या डीजेच्या हाती लागली, त्याने आपल्या पार्ट्यांमधे वाजवली, मग रेडिओवर लागायला लागली आणि १९७३ मधे अमेरिकेच्या टॉप हंड्रेडमधे ३५ नंबरवर. त्यातलीच ती 'मामाको मामासा' ओळ मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बमच्या पहिल्याच गाण्यात आली, न विचारता, आणि ते प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. नंतर तेच रिहानाच्या गाण्यात आलं आणि २००९ मधे म्हाताऱ्याला पुन्हा पॅरिसच्या कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता मुख्य मुद्दा, जिथे सगळे घसरतात. 'सोल माकोसा'त फंक आहे, आफ्रिकन आवाज आहे, सॅक्स आहे, म्हणून ते अ‍ॅफ्रोबीट, असा हिशोब केला जातो. पण अ‍ॅफ्रोबीट म्हणजे या तिघांची बेरीज नव्हे, ती एक बांधणी आहे. फेलाचं १९७० च्या दशकातलं कुठलंही गाणं हेडफोन लावून नीट ऐका. एक गिटार दोन-चार स्वरांचा एकच तुकडा घेऊन बसलेली असते, दुसरी गिटार खालच्या पट्टीत दुसराच तुकडा, बेसचा तिसरा, शेकेरेचा (मणी गुंफलेल्या भोपळ्याचा खुळखुळा) सळसळाट सतत, काठ्यांचा ठेका सतत, आणि खाली टोनी अ‍ॅलनचे दोन हात दोन पाय चौघं चार वेगळ्या गोष्टी बोलतात पण भांडत नाहीत. यातला एकही तुकडा एकटा ऐकला तर काहीच नाही, एकमेकांत अडकले की गाणं उभं राहतं. ते बरीच मिनिटं असंच चालतं, मग ब्रास, मग सोलो, आणि फेला गायला येतो तोवर निम्मं गाणं होत आलेलं असतं. सॅक्स हा त्या यंत्रणेतला एक भाग.

आणि आता 'सोल माकोसा'. साडेचार मिनिटांच्या आसपास संपतं. दिबांगो सुरुवातीलाच घोगऱ्या आवाजात, गाणं कमी आणि पुटपुटणं जास्त, ती ओळ म्हणतो आणि सॅक्स जाड, गरम सुरात त्याला उत्तर देतो. बाकी सगळे मागे सरळ नाचायचा ठेका धरून आहेत, चांगला धरलाय, पण तो बदलला तरी चालेल. इथे सॅक्स हाच गायक आहे. त्याच्या खालची जमीन कुठल्याही देशाची असू शकते, आणि दिबांगोने जन्मभर तेच केलं, १९७३ मधे साल्सावाल्या फानिया ऑल-स्टार्सबरोबर, मग जमैकात जाऊन रेगे, मधे अबिजानला आयव्हरी कोस्टच्या रेडिओ-टीव्हीचा ऑर्केस्ट्राही सांभाळला. दोन सेकंदांत कळतं की सॅक्स मनूचा आहे, पण तो कुठल्या 'प्रकारात' वाजवतो हे विचारलं तर उत्तर रेकॉर्डगणिक वेगळं.

आपल्या भाषेत सांगायचं तर फेलाने घराणं काढलं. त्याची मुलं फेमी आणि सेऊन त्यातच वाजवतात, ब्रुकलिनमधे पोरं जमली, बहुतेकांचा नायजेरियाशी काही संबंध नाही, आणि त्यांनी अँटिबालास हा बँड काढला, नियम पाळले की जमतं. दिबांगोचं घराणं नाही, त्याच्यासारखं वाजवणारा बँड काढायचा तर नक्की काय वाजवायचं? म्हणूनच मला 'कॅमेरूनचा फेला' हे विशेषण सगळ्यात जास्त खटकतं. (आणि हल्ली क्लबात लागतं ते अ‍ॅफ्रोबीट्स, ते तिसरंच, त्यात दोघांनाही ओढू नका.)

पटत नसेल तर स्लाय डनबार घ्या, जमैकाचा ड्रमर. दिबांगो किंग्स्टनला गेला तेव्हा स्लाय अँड रॉबी, म्हणजे हा स्लाय आणि त्याचा बेसवाला जोडीदार, त्याच्यामागे वाजले आणि झकास जमलं, सॅक्स तसाच निवांत बोलतोय. मग १९८५ मधे निर्माता बिल लासवेलने दिबांगोचा 'इलेक्ट्रिक आफ्रिका' केला, त्यात जॅझ पियानोवाला हर्बी हॅनकॉकसुद्धा आहे, तेही जमलं. त्याच सुमारास फेला तुरुंगात होता आणि बाहेर त्याचा 'आर्मी अरेंजमेंट' अल्बम याच लासवेलने नव्याने मिक्स केला, ड्रमवर आणला पुन्हा स्लाय डनबारच. माणसं तीच, हातही तेवढेच तयार, आणि गाण्याची पार वाट लागली, कारण फेलाच्या बांधणीत ड्रमर बदलला की खालचे सगळे तुकडे सुटतात. फेलालाही ते अजिबात आवडलं नव्हतं. त्याचा मूळ मिक्स नंतर बाहेर आला, तोच ऐका, लासवेलवाला शोधत बसू नका.