लष्करात डॉक्टर: टंचाईनं उघडलेली दारं

नागपुरात 'मेडिकल' (सरकारी मेडिकल कॉलेज) म्हटलं की पत्ता विचारावा लागत नाही. दुसरं तसंच कॉलेज 'मेयो'. नीटचा निकाल लागला की घरोघरी या दोन नावांवर चर्चा सुरू होते आणि मग एखादा काका किंवा मामा तिसरं नाव काढतो, पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज. फी नाही, नोकरी पक्की, वर्दी वेगळीच. आईचा चेहरा मात्र उतरतो, कारण वर्दी म्हटलं की तिला सरहद्द दिसते.

लष्करी डॉक्टर म्हणजे एएफएमसीचा, असं आपण धरूनच चालतो. पण या गोष्टीत ते कॉलेज फार उशिरा येतं. त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं फौजेला डॉक्टर लागत होते आणि ते कुठून आणायचे, याचं उत्तर बहुतेक वेळा टंचाईनंच दिलं.

ईस्ट इंडिया कंपनीनं 1764 साली बंगालमध्ये आपली वैद्यकीय सेवा उभी केली. पुढे मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्याही अशाच सेवा होत्या. सर्जन गोरे, आणि त्यांच्या हाताखाली मलमपट्टी करणारे 'नेटिव्ह डॉक्टर'. 1817 मध्ये नागपुरात इंग्रज आणि भोसले यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली, 1821 मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी वसली. नागपूरकरांची लष्करी डॉक्टरांशी ओळख झाली ती या छावणीमुळे. मात्र त्या काळी इथल्या माणसाला सर्जनच्या खुर्चीवर बसायची सोय नव्हती.

ती सोय कागदावर झाली 1855 मध्ये. भरती स्पर्धा परीक्षेनं होऊ लागली आणि त्याच वर्षी सूर्यकुमार गुडीव चक्रवर्ती हे पहिले भारतीय निवडले गेले. परीक्षा मात्र लंडनला. समुद्र ओलांडायचा म्हणजे पैसा हवा आणि वर जातीची परवानगीही. त्यामुळे दार उघडं असूनही आत जाणारे मोजकेच राहिले. 1896 मध्ये तिन्ही इलाख्यांच्या सेवा मिळून एकच इंडियन मेडिकल सर्व्हिस झाली. पहिल्या महायुद्धात जखमींची रीघ लागली, तेव्हा भारतीय डॉक्टरांना तात्पुरती कमिशनं (अधिकारीपदाच्या नेमणुका) देण्यात आली.

या सेवेच्या खाली आणखी एक पायरी होती, आणि आपल्या भागाच्या दृष्टीनं मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. इंडियन मेडिकल डिपार्टमेंटमध्ये सब-असिस्टंट सर्जन असत. ते बहुधा मेडिकल स्कूलमधून एलएमपी (ही पदविका, पदवी नव्हे) झालेले. नागपूरचं रॉबर्टसन मेडिकल स्कूल याच पातळीचं. एलएमपी झालेला माणूस फौजेत गेला तर जमादार किंवा सुभेदार दर्जाचा व्हायचा. रुग्ण तेच, काम बरंचसं तेच, पण मेसमध्ये बसायची जागा वेगळी. पदवी आणि पदविका यांतला हा भेद आपल्या जुन्या डॉक्टरांच्या पिढीनं बराच सोसला.

त्याच काळात एका नागपूरकर डॉक्टरनं रणभूमी पाहिली, पण ब्रिटिश फौजेच्या वर्दीत नव्हे. 1938 मध्ये काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे मो. रा. चोळकरही. कोटणीस 1942 मध्ये चीनमध्येच वारले, आणि त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं. चोळकरांचं नाव मात्र आज नागपुरातही फारसं कुणाला आठवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच ओढाताण झाली. शेवटी 3 एप्रिल 1943 रोजी मेडिकल सर्व्हिस, मेडिकल डिपार्टमेंट आणि हॉस्पिटल कोअर एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर झाली. आजही 3 एप्रिल हाच कोअरचा स्थापना दिवस. 1947 मध्ये जुनी मेडिकल सर्व्हिस इतिहासजमा झाली आणि त्याच वर्षी नागपुरात आपलं 'मेडिकल' सुरू झालं. बी. सी. रॉय समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1948 ला पुण्यात एएफएमसी उभं राहिलं. तरी तिथे एमबीबीएस नव्हतं. त्यामुळे 1950 मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची 60 पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स कोरियाला गेली, तेव्हा तिच्यात एएफएमसीत एमबीबीएस झालेला एकही डॉक्टर असणं शक्यच नव्हतं. (फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, तर आघाडीवर उपचार करणारी अख्खी तुकडी.)

बाहेरून पुरेसे डॉक्टर मिळेनात, म्हणून घरचेच घडवायचं ठरलं आणि 4 ऑगस्ट 1962 ला एएफएमसीत एमबीबीएसचा अभ्यासक्रम सुरू झाला. दोनच महिन्यांनी चीनशी युद्ध पेटलं. पहिली तुकडी तेव्हा पहिल्या वर्षाला होती.

एका बाबतीत मात्र ही मेडिकल कोअर बाकी लष्कराच्या पुढे होती. 1958 मध्येच तिनं स्त्री डॉक्टरांना पुरुषांच्या बरोबरीनं नियमित कमिशन दिलं. लष्कराच्या वैद्यकीय नसलेल्या शाखांत मुली अधिकारी म्हणून यायला 1992 उजाडलं. पुनीता अरोरा 2004 मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, माधुरी कानिटकर 2020 मध्ये. 2024 मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकपदी आरती सरीन आल्या. तिघीही डॉक्टर, तिघीही एएफएमसीच्या.

आज एएफएमसीत भारतीय विद्यार्थ्यांसाठी 115 जागा मुलांना आणि 30 मुलींना आहेत. नीटनंतर इंग्रजी आणि तर्काची वेगळी चाचणी, मग मुलाखत. शिक्षण फुकट, पण बाँड आणि सेवेची अट पक्की. एवढ्याशा जागांत आपला नंबर लागला नाही की 'लष्कर गेलं' म्हणून मुलं नाद सोडतात, ते चुकीचं आहे. मेडिकल, मेयो किंवा कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून एमबीबीएस आणि इंटर्नशिप पुरी केली की शॉर्ट सर्व्हिस कमिशनची वाट असते. आधी पाच वर्षं, नंतर मुदतवाढ मिळत मिळत जास्तीत जास्त चौदा. मधेच कायम कमिशनसाठीही प्रयत्न करता येतो.

निवड झाली की कॅप्टनचे तारे, लखनौला मूलभूत प्रशिक्षण, आणि मग बऱ्याचदा एखाद्या पलटणीत आरएमओ, म्हणजे पलटणीचा वैद्यकीय अधिकारी. तिथे कित्येकशे जवानांमागे हा एकटाच डॉक्टर, सोबत नर्सिंग असिस्टंट. दिवसाचा पुष्कळ वेळ ऑपरेशनमध्ये नाही, तर पाण्याची टाकी, लंगर (जवानांचं स्वयंपाकघर) आणि संडास तपासण्यात जातो.