एकाच डोंगराचे बर्फ आणि गरम पाणी : जपानमधील झाओ

जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर भागात, यामागाता आणि मियागी या प्रांतांच्या सीमेवर, झाओ ही ज्वालामुखी पर्वतरांग आहे. तिच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, झाओ ओनसेन हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी (जपानीत ओनसेन) आणि स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेले छोटे गाव आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गावातून रोपवेने 1,661 मीटर उंचीवरील शेवटच्या स्थानकापर्यंत गेल्यास तेथील तापमान अनेकदा उणे 10 अंश सेल्सिअसच्या खाली असते; त्याच वेळी खाली गावात जमिनीतून 45 अंशांहून अधिक तापमानाचे पाणी रात्रंदिवस वाहत असते. दिवसभर बर्फावरून घसरून परतलेला पाहुणा महागड्या हॉटेलात उतरलेला असो किंवा दोन जेवणांसह माफक दरात खोली देणाऱ्या साध्या निवासात, संध्याकाळी तो त्याच डोंगरातून आलेल्या पाण्यात उतरतो. इतके बर्फ आणि इतकी उष्णता एकाच ठिकाणी येणे हा योगायोग वाटू शकतो, परंतु तो तसा नाही. येथील समुद्र, डोंगर आणि जमिनीखालची ऊब या तिन्हींचा उगम एकाच भूशास्त्रीय घडामोडीत आहे आणि स्वस्त हॉटेलात मिळणारे मुबलक गरम पाणी हेही तिचेच फळ आहे.

प्रथम बर्फाचा विचार करू. झाओ साधारण 38 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ग्रीसमधील अथेन्सच्या जवळपास त्याच अक्षांशावर. केवळ अक्षांश पाहिला, तर येथे एवढे बर्फ पडण्याचे कारण नाही. हिवाळ्यात सैबेरियावर अतिशय थंड आणि जड हवेचा उच्च दाबाचा प्रदेश तयार होतो आणि तेथून वायव्येकडील वारे जपानच्या दिशेने वाहू लागतात. सुरुवातीला ही हवा जवळजवळ कोरडी असते. मात्र वाटेत तिला जपानचा समुद्र ओलांडावा लागतो आणि दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार त्सुशिमा प्रवाहामुळे या समुद्राचा पृष्ठभाग भर हिवाळ्यातही हवेच्या तुलनेने बराच उबदार असतो. खालून उष्णता आणि बाष्प मिळाल्यामुळे हवेचा तळाचा थर अस्थिर होतो, ढग उभे राहतात आणि वाऱ्याच्या दिशेने त्यांच्या लांबच लांब समांतर रांगा तयार होतात. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांत त्या अगदी स्पष्ट दिसतात. पुढे होन्शूच्या डोंगरांनी अडवल्यामुळे ही हवा वर चढते, आणखी थंड होते आणि आपल्याजवळचे बाष्प बर्फाच्या रूपाने खाली टाकते. अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांना सह्याद्री अडवतो, महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडचा माणदेश कोरडा राहतो. नेमकी तीच क्रिया येथे हिवाळ्यात घडते. यामागाता बर्फाखाली गाडले जात असताना डोंगरापलीकडच्या सेंदाई शहरात मात्र अनेकदा निरभ्र, कोरडे ऊन असते.

झाओमध्ये या क्रियेला आणखी एक वळण मिळते. समुद्राकडून येणारे ढग आधी पश्चिमेकडच्या आसाही पर्वतरांगेवर आदळतात आणि तेथे बरेच बर्फ टाकतात. त्यानंतर झाओकडे येणाऱ्या ढगांत अतिशीत थेंब मोठ्या प्रमाणात असतात, म्हणजे शून्य अंशाखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. अगदी शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे 30 अंशांच्याही खालपर्यंत द्रवरूप राहू शकतो, कारण गोठण्याची सुरुवात होण्यासाठी त्याला एखादा कण किंवा पृष्ठभाग लागतो. झाओच्या माथ्याजवळ हा पृष्ठभाग आओमोरी तोदोमात्सु या सूचिपर्णी वृक्षाच्या फांद्या आणि पाने पुरवतात. वाऱ्याबरोबर आलेले थेंब त्यांच्यावर आदळताच गोठतात, त्यांच्या फटींत हिमकण अडकतात, ते एकमेकांना घट्ट चिकटतात आणि त्यावर पुन्हा थेंब गोठतात. ही वाढ वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे होते, ही गोष्ट पाहणाऱ्याला चकित करते. काही आठवड्यांत संपूर्ण झाड बर्फात नाहीसे होते आणि डोंगरउतारावर प्रचंड, बेढब पांढऱ्या आकृतींचा समुदाय उभा राहतो. जपानी लोक त्यांना ज्युह्यो म्हणतात आणि पर्यटकांमध्ये त्या हिमराक्षस म्हणून ओळखल्या जातात.

या देखाव्याचे भवितव्य मात्र चिंताजनक आहे. 2013 मध्ये एका पतंगाच्या अळ्यांनी या वृक्षांची पाने मोठ्या प्रमाणावर खाल्ली आणि दुबळ्या झालेल्या झाडांवर पुढे साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी हल्ला केला. माथ्याजवळची असंख्य झाडे आज केवळ वाळलेले सांगाडे आहेत. फांद्या झडल्या की थेंबांना गोठण्यासाठी पुरेसा पृष्ठभाग उरत नाही आणि हिमराक्षस सडपातळ होत जातात. रोपांचे पुनर्रोपण सुरू आहे, परंतु या थंड उंचीवर झाडाची वाढ अत्यंत सावकाश होते, त्यामुळे त्याचे फळ दिसण्यास अनेक दशके जावी लागतील. त्यातच हिवाळे उबदार होत आहेत. झाओला जाणाऱ्या प्रत्येकाने ही झाडे जवळून पाहावीत आणि आपण पाहतो आहोत ते एका संकटात सापडलेले जंगल आहे, हे ध्यानात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

आता जमिनीखालच्या उष्णतेकडे वळू. जपानच्या पूर्वेस, समुद्रतळावरील खोल खंदकापाशी, पॅसिफिक भूपट्ट वर्षाला साधारण 8 ते 9 सेंटिमीटर वेगाने ईशान्य जपानच्या खाली सरकत आहे. या भूपट्टातील खनिजांमध्ये पाणी बांधलेले असते. सुमारे 100 किलोमीटर खोलीवर तापमान आणि दाब वाढल्यामुळे ते पाणी सुटते आणि वरच्या प्रावरणात शिरते. पाणी मिसळले की खडकाचा वितळणबिंदू खाली येतो, त्यामुळे एरवी घन राहिला असता असा खडक अंशतः वितळतो आणि तयार झालेला शिलारस वर चढू लागतो. झाओ हा अशा शिलारसावर उभा असलेला जिवंत ज्वालामुखी आहे आणि त्याच्या माथ्यावरील ओकामा हे हिरवट विवर-सरोवर त्याचीच खूण आहे. भूपट्टाच्या याच सरकण्याशी जपानच्या समुद्राचा जन्मही जोडलेला आहे. सुमारे 2 ते 1.5 कोटी वर्षांपूर्वी आशिया खंडाची कड ताणली जाऊन फाटली, जपानची बेटे मुख्य भूमीपासून दूर गेली आणि मध्ये हा समुद्र पसरला. तो समुद्र नसता, तर सैबेरियाचे वारे येथे कोरडेच पोहोचले असते. हे डोंगर नसते, तर वाऱ्यांतील बाष्प एवढ्या प्रमाणात खाली पडले नसते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे किंवा तुरळ येथील गरम पाण्याची कुंडे आठवतील. त्यांच्या उष्णतेचे कारण मात्र वेगळे आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा असून तो केव्हाच थंड झाला आहे. आपल्याकडे पावसाचे पाणी भेगांमधून खोल जाते, तेथे पृथ्वीच्या नेहमीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. झाओमध्ये मात्र भूजलाला जिवंत ज्वालामुखीची उष्णता मिळते आणि तिच्याबरोबर ज्वालामुखीचे वायूही मिळतात.

या वायूंमुळेच झाओच्या पाण्याचा स्वभाव ठरतो. सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू पाण्यात मिसळून तीव्र आम्लधर्मी मिश्रण तयार होते; येथील पाण्याचा पीएच 2 पेक्षाही कमी असून ते साधारणपणे लिंबाच्या रसाहून अधिक आम्ल आहे. हे पाणी डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते आणि दाढी केल्यानंतर लगेच त्यात उतरणे शहाणपणाचे नाही. पाण्याचा दुधाळपणा गंधकाच्या सूक्ष्म कणांमुळे येतो. आपल्याकडील स्त्रियांनी चांदीची जोडवी आणि पैंजण खोलीतच काढून ठेवावेत, कारण हायड्रोजन सल्फाइडशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. असे पाणी लोखंड आणि सिमेंट झिजवते, म्हणून गावातील जुनी सार्वजनिक स्नानगृहे लाकूड आणि दगड यांची आहेत. सर्वच ओनसेन असे नसतात. नागानो प्रांतातील नोझावा ओनसेनचे पाणी सौम्य अल्कधर्मी असून ते त्वचेला गुळगुळीत लागते आणि तेथील एका कुंडाचे पाणी सुमारे 90 अंशांचे असल्यामुळे गावकरी त्यात भाज्या उकडतात.

स्वस्त हॉटेलात हे सुख कसे परवडते, हे एका साध्या गणिताने समजून घेता येईल. समजा, एखाद्या छोट्या निवासाच्या कुंडात मिनिटाला 20 लिटर पाणी अखंड येते आणि काठावरून वाहून जाते. हेच पाणी नळाच्या 5 अंशांवरून 45 अंशांपर्यंत तापवायचे झाल्यास सुमारे 56 किलोवॅट शक्ती सतत लागेल, म्हणजे दिवसाला जवळजवळ 1,340 युनिट वीज. कुटुंबाने चालवलेल्या आठ-दहा खोल्यांच्या निवासाला हा खर्च पेलणे अशक्य आहे. डोंगर तो पेलतो. मालकाला मुख्यत्वे पाणी आणणाऱ्या नळांची देखभाल आणि गंजणाऱ्या उपकरणांची दुरुस्ती करावी लागते. दुसरे कारण आर्थिक आहे. जपानमध्ये स्कीइंग करणाऱ्यांची संख्या 1990च्या दशकात सुमारे 1.8 कोटींपर्यंत पोहोचली होती आणि नंतर ती एक तृतीयांशाहूनही खाली आली. त्या भरभराटीच्या काळात बांधलेली असंख्य हॉटेले, पेन्शन नावाची पाश्चात्त्य धर्तीची छोटी निवासे आणि मिनशुकु म्हणजे कुटुंबांनी चालवलेली साधी जपानी निवासे आजही उभी आहेत. तातामी म्हणजे गवती चटया अंथरलेली खोली, जमिनीवर अंथरलेली फुतोनची गादी, मजल्यावर सामायिक प्रसाधनगृह आणि दोन वेळचे जेवण एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पाहुण्याला आठवड्याच्या मधल्या दिवसांत माणशी 10 हजार येनच्या आसपास अशी जागा मिळू शकते. ज्या निवासात स्वतःचे मोठे कुंड नाही, तेथील पाहुण्याने सार्वजनिक स्नानगृहात जावे. नोझावात अशी 13 स्नानगृहे गावकऱ्यांच्या मंडळामार्फत चालवली जातात आणि तेथे प्रवेश घेणारा पेटीत आपल्या इच्छेने पैसे टाकतो. झरा ही सर्वांची मालमत्ता मानणारी ही व्यवस्था मला या गावांतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

दमलेल्या शरीरावर या पाण्याचा परिणाम वेगाने होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून 42 अंशांच्या पाण्यात उतरताच त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, थकलेल्या स्नायूंकडे रक्त अधिक वाहते आणि गळ्यापर्यंत बुडालेल्या शरीरावरील पाण्याच्या दाबामुळे पायांतील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. उघड्यावरच्या कुंडात डोके थंड हवेत राहत असल्यामुळे माणूस अधिक वेळ बसू शकतो. हाच बदल धोकादायकही ठरू शकतो. कपडे बदलण्याच्या थंडगार खोलीत आकसलेल्या रक्तवाहिन्या गरम पाण्यात एकदम पसरल्या की रक्तदाब झपाट्याने वरखाली होतो आणि पाण्यातून पटकन उठून उभे राहणाऱ्याला भोवळ येऊ शकते. जपानमध्ये दर हिवाळ्यात अनेक वृद्धांचा स्नानगृहात मृत्यू होतो. कुंडात उतरण्यापूर्वी अंग धुण्याची आणि पायांपासून वर थोडे थोडे गरम पाणी ओतून घेण्याची तेथील रीत स्वच्छतेइतकीच रक्ताभिसरणाच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. मद्य घेतल्यावर मात्र पाण्यात उतरू नये.

दुसरा धोका बर्फ आणि उष्णता यांच्या संयोगातून निर्माण होतो आणि त्याची माहिती पर्यटकांना फारशी नसते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. झऱ्याच्या किंवा वायू सोडणाऱ्या भेगेच्या उष्णतेने बर्फ खालून वितळते, वरून साधे दिसणाऱ्या उतारात पोकळी तयार होते आणि वारा नसेल तेव्हा वायू तिच्यात साठत राहतो. अल्प प्रमाणात तो सडक्या अंड्यासारखा वास देतो, परंतु प्रमाण वाढले की आधी वास घेण्याची क्षमताच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला, हा समज म्हणूनच प्राणघातक आहे. डिसेंबर 2005 मध्ये आकिता प्रांतातील दोरोयु ओनसेन येथे बर्फातील अशाच पोकळीत साठलेल्या वायूने एका कुटुंबातील चौघांचा बळी घेतला. दोरीने बंद केलेल्या जागेत पाऊल न टाकणे आणि कोणी पोकळीत पडल्यास स्वतः आत न उतरता मदत बोलावणे, हे दोन नियम अशा गावात लहान मुलांनाही सांगून ठेवले पाहिजेत.

निवास निवडताना खोलीच्या छायाचित्रांपेक्षा कुंडाजवळ लावलेला फलक अधिक बोलका असतो. जपानच्या 1948च्या ओनसेन कायद्यानुसार, उगमापाशी 25 अंश किंवा त्याहून अधिक तापमान असलेले, अथवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी किमान एक पुरेशा प्रमाणात असलेले पाणीच ओनसेन म्हणून ओळखले जाते आणि त्याचे रासायनिक विश्लेषण पाहुण्यांना दिसेल असे लावावे लागते. 2005 पासून पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, तेच पाणी पुन्हा फिरवले जाते का आणि जंतुनाशक घातले आहे का, हेही नमूद करणे बंधनकारक आहे. फिरवलेल्या पाण्यात लीजिओनेला जंतूंची वाढ होऊ शकते, म्हणून तेथे क्लोरिन आवश्यक ठरते आणि ते घालणारा हॉटेलमालक आपले कर्तव्यच करीत असतो. तरीही उगमातून थेट येऊन काठावरून वाहून जाणारे पाणी हवे असेल, तर ते ‘गेन्सेन काकेनागाशी’ या नावाने विचारावे. झाओसारख्या पाण्याने समृद्ध गावात ते अगदी साध्या मिनशुकुतही मिळू शकते.