'गो'चा भूतकाळ गेला कुठे?

माझा भाचा तीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. चेंडू घरंगळत सोफ्याखाली गेला, तसा तो धावत स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "मावशी, बॉल आत जाला!" आजी म्हणाली, "गेला म्हणावं, राजा." तो क्षणभर थांबला, मान डोलावली आणि ठामपणे म्हणाला, "हो, जाला."

त्याचं चुकलं काय? बस–बसला, पड–पडला, पळ–पळला, उठ–उठला. मग जा–जाला. एवढ्याशा पोराने शेकडो क्रियापदं ऐकून त्यांतला नियम आपला आपण काढला होता आणि तो बरोबर लावलाही होता. घोळ क्रियापदात आहे. आणि गंमत अशी, की इंग्रजी बोलणारं त्याच वयाचं मूल नेमकं याच क्रियापदाशी अडखळतं. वॉक–वॉक्ड, प्ले–प्लेड, म्हणून 'गो'चं ते 'गोड' करतं. मोठी माणसं त्याला सांगतात, 'वेंट' म्हण. आपणही शाळेत 'गो–वेंट–गॉन' घोकलं. पण 'गो'मध्ये ना 'व', ना 'ट'. मग हे 'वेंट' आलं कुठून?

ते चक्क दुसऱ्या क्रियापदाचं आहे. इंग्रजीत 'वेंड' नावाचं एक जुनं क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ वळणं, वळवणं. पुढे त्यालाच 'वाट चालणं' असा अर्थ आला. सेंड–सेंट, बेंड–बेंट, स्पेंड–स्पेंट, तसं वेंड–वेंट. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'एओदे' असा होता, आणि तोही 'गो'च्या धातूपासून निघालेला नव्हता. म्हणजे या क्रियापदाकडे भूतकाळासाठी घरचं रूप तेव्हाही नव्हतं, उसनंच होतं. पुढच्या काही शतकांत उच्चार बदलत गेले, 'एओदे' झिजत गेलं, आणि इंग्लंडच्या दक्षिणेत त्याची जागा 'वेंट'ने घेतली. पंधरावं शतक संपेपर्यंत 'वेंट' पक्कं बसलं होतं. बिचाऱ्या 'वेंड'ला मग आपल्यासाठी 'वेंडेड' असं नवं रूप करून घ्यावं लागलं. आज हे क्रियापद वळणावळणाने वाट काढत जाण्याच्या एखाद्या ठरावीक शब्दप्रयोगापुरतंच उरलं आहे. उत्तरेकडे मात्र वेगळं घडलं. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत 'गेड' हे रूप रुळलं, आणि ते सरळ 'गो'लाच प्रत्यय लावून केलेलं आहे. लंडनच्या मुलाची जी चूक, तीच रीत तिथे शुद्ध भाषा ठरली!

एका क्रियापदाच्या रूपावलीत दुसऱ्याच धातूचं रूप येऊन बसतं, याला भाषाशास्त्रात सप्लीशन म्हणतात. आता आपल्या घरात डोकावू. 'जा' आलं संस्कृत 'या' धातूपासून, 'याति'मधल्या. प्राकृतात शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' झाला. 'गेला' आलं 'गत'पासून, म्हणजे 'गम्' धातूपासून. दोन धातू, एक क्रियापद. इंग्रजीने 'गो' आणि 'वेंड' यांचं जे केलं, तेच आपण 'या' आणि 'गम्' यांचं केलं, तेही इंग्रजीशी गाठ पडण्याच्या कितीतरी आधी.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते याच्या पुढचं. हे 'गम्' इंग्रजीतही आहे, पण 'गो'मध्ये नाही. ते 'कम'मध्ये आहे! संस्कृतातला 'ग' इंग्रजीत पुष्कळदा 'क' होऊन भेटतो. गायीचा 'गो' तिकडे 'काउ' झाला, तसंच 'गम्'चं 'कम'. व्यंजनांचे हे बदल ठरल्या वाटेने होतात, हे जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये तपशीलवार मांडलं. तेव्हा आपण 'गेला' म्हणतो आणि इंग्रज 'कम' म्हणतो, तेव्हा दोघंही हजारो वर्षांपूर्वीचा एकच धातू उच्चारत असतो. आपल्याकडे तो पाठमोरा झाला, त्यांच्याकडे तोंड करून आला.

भाच्याच्या 'जाला'लाही इतिहास आहे. जुन्या मराठीत 'जाला' हा शब्द होता, फक्त त्याचा अर्थ 'झाला'. 'झाला' हे 'जात'पासून, म्हणजे जन्मलेला या शब्दापासून आलं आणि 'हो' आलं 'भू'पासून. ही दुसरी उसनवारी. गोव्यात आजही 'कितें जालें?' असंच विचारतात. आणि 'भू'चं इंग्रजी भावंड म्हणजे 'बी'. त्या क्रियापदाचे तर तीन तुकडे आहेत: 'बी' एका धातूचं, 'इज' आपल्या 'अस्'च्या धातूचं, 'वॉज' तिसऱ्याचंच.

जाणं, असणं, होणं, येणं. घोळ सगळा याच क्रियापदांत का? 'कुरवाळणे' किंवा 'खरवडणे' यांची रूपं कशी सरळ आहेत बघा. कोणतीही भाषा शिकताना पहिल्या आठवड्यात जी क्रियापदं लागतात, नेमकी तीच सगळ्यात वेडीवाकडी निघतात. परकी भाषा शिकताना याचा मला फार राग यायचा. कारण कळल्यावर तो गेला.

कारण आहे वापर. २००७ मध्ये एरेझ लिबरमन, जाँ-बाप्टिस्ट मिशेल, मार्टिन नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. त्यांतली १४५ मध्ययुगीन इंग्रजीतही अनियमित होती, आणि आज तशी उरली आहेत ९८. बाकीची नियमित झाली. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, तो 'हेल्प्ड' झाला. 'क्लाइम'चा 'क्लोम' होता, त्याचं 'क्लाइम्ड' झालं. कोणतं क्रियापद आधी सुधारलं आणि कोणतं उशिरा, याचा ताळा शब्दाच्या वापराशी घातल्यावर एक सुबक गणित निघालं. एक क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरात असेल, तर ते दहापट वेगाने नियमित होतं. किरणोत्सारी पदार्थांसाठी आपण अर्धायुष्य काढतो, तसं त्यांनी क्रियापदांचं काढलं, म्हणजे गटातली निम्मी क्रियापदं नियमित व्हायला लागणारा काळ. क्वचित वापरल्या जाणाऱ्या गटाचं ३०० वर्षं, तर 'गो', 'कम', 'सी', 'टेक' ज्या गटात येतात त्याचं १४,४०० वर्षं. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं आजही दहाच्या दहा अनियमित आहेत.

बाराशे वर्षांच्या नोंदींवरून काढलेला १४,४०० हा आकडा मी तरी शब्दशः घेत नाही. वेग किती मंद आहे, हे त्यावरून कळतं एवढंच. पण त्यामागचं कारण पटतं. अनियमित रूप तयार करता येत नाही, लक्षातच ठेवावं लागतं. रोज दहादा कानावर पडतं ते लक्षात राहतं. वर्षातून एकदा लागतं ते ऐन वेळी आठवत नाही, मग माणूस नियमाने काम भागवतो. चार पिढ्या असं झालं की नियमाचंच रूप खरं होतं. घरातल्या मोठ्या भांड्यांसारखं आहे हे. ज्याला रोज हात लागतो ते पोचे पडलं तरी ओट्यावरच राहतं.

अर्थात 'गो'ची कथा या गणितात पूर्ण बसत नाही, हेही सांगायला हवं. एवढं वापरातलं क्रियापद, तरी त्याचं 'एओदे' टिकलं नाही. मात्र ते हरवल्यावरही दक्षिणेच्या इंग्रजीने 'गो'ला प्रत्यय लावला नाही. दुसरं तयार रूप उचलून तिथे बसवलं. आणि ही खोड जगात इतरत्रही दिसते. फ्रेंचमध्ये 'मी जातो' एका लॅटिन धातूपासून आणि 'मी जाईन' दुसऱ्यापासून. स्पॅनिशमध्ये तर 'फुई' म्हणजे 'मी गेलो' आणि 'फुई' म्हणजेच 'मी होतो'!

इंग्रजीतही जाणं आणि असणं असे एकमेकांत शिरतात, आणि तिथे आपली हमखास चूक होते. 'ही हॅज गॉन टु डेली' म्हणजे तो दिल्लीला गेलाय, अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टु डेली' म्हणजे तो दिल्लीला जाऊन आलाय. 'जाऊन आलाय' एवढं मनात म्हणून पाहिलं की झालं, कोणतं रूप घ्यायचं ते चटकन कळतं.

आता अर्थांकडे. रोजची क्रियापदं अर्थानेही पसरतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात एकट्या 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले, आणि पीटर गिलिव्हर या कोशकारांना त्या एका शब्दासाठी नऊ महिने लागले. 'गो'चाही पसारा थोडाथोडका नाही. 'गो ऑफ' एवढंच घ्या. दूध 'गो ऑफ' झालं म्हणजे नासलं. दिवे 'गो ऑफ' झाले म्हणजे विझले. पण गजर 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजला! पाठ करायला बसलं तर डोकं भणाणतं. त्यापेक्षा असं पाहावं: 'ऑफ' म्हणजे होतं त्या जागेवरून सुटणं. दूध चांगल्या स्थितीतून सुटलं, दिवे चालू अवस्थेतून सुटले आणि गजर, इतका वेळ दाबून धरलेला, एकदम सुटला. बंदुकीची गोळी सुटते तसा.

यातलं एक सूत्र मला फार आवडतं. १९७४ मध्ये ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं, की इंग्रजीत 'कम' आपल्या नेहमीच्या, हव्याशा स्थितीकडे नेतं आणि 'गो' तिच्यापासून दूर नेतं. स्वप्न खरं होतं तेव्हा 'कम'. माणूस वेडा होतो, टक्कल पडतं, बेत फसतो तेव्हा 'गो'. आता आपलं ऐका. लाइट गेले, लाइट आले. भान गेलं, भानावर आला. पैसे वाया गेले. भाजी करपून गेली, पण मैफल जमून आली. इथे शब्दाचं शब्दाशी नातं नाही, तरी विचार तोच. बोलणारा मध्ये उभा आहे, चांगलं ते त्याच्याकडे येतं आणि बिघडतं ते त्याच्यापासून जातं. म्हणूनच दोन्ही भाषांत माणूस मरतो तेव्हा 'जातो'. आणि म्हणूनच आपल्या घरात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना कुणी 'जाते' म्हणालं की आई आतून ओरडते, "येते म्हण!"

'गो'चा सगळ्यात लांबचा प्रवास मात्र अर्थातून व्याकरणात झाला. 'आय ॲम गोइंग टु मीट द डॉक्टर' असं पूर्वी म्हटलं तर माणूस खरोखर वाटेला लागलेला असे: डॉक्टरांना भेटायला निघालोय. पण जो भेटायला निघालाय, तो थोड्या वेळाने भेटणार आहेच. ऐकणाऱ्याने चालणं सोडून दिलं आणि 'भेटणार' तेवढं घेतलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून याच्या खुणा दिसतात, आणि सतराव्या शतकात ही भविष्यकाळाची रीत म्हणून रुळते. आता 'इट इज गोइंग टु रेन' म्हणताना पाऊस कुठेही चाललेला नसतो. उच्चारही झिजून 'गॉना' झाला. आणि झिजला तो फक्त भविष्यकाळातला. 'आय ॲम गॉना ईट' चालतं. पण 'मी पुण्याला चाललोय' यासाठी 'आय ॲम गॉना पुणे' असं इंग्रज कधीच म्हणणार नाही. एकाच शब्दाचे दोन शब्द झाल्याची ही पावती.

आपलं 'जा' वेगळ्या वाटेने तिथेच पोचलं. 'औषध वेळेवर घेत जा' यात कुठे जायचं असतं? 'अधूनमधून येत जा' यात तर येणं आणि जाणं शेजारी बसलेत आणि कुणाला खटकत नाही. 'दिवस लहान होत जातात', 'ठराव मांडला जातो', 'मी विसरूनच गेले'. या सगळ्यांत 'जा' पायांनी चालत नाही. कुठे ते सवय सांगतं, कुठे हळूहळू होणारी वाढ, कुठे घडून गेलेलं.

मुलांना हे सगळं कोण शिकवतं? १९५८ मध्ये जीन बर्को या संशोधिकेने लहान मुलांपुढे बनावट शब्द ठेवले. एका चित्रात एक माणूस 'रिक' करतोय. काल त्याने हेच केलं, तर काल त्याने काय केलं? जगात कुणीच न उच्चारलेल्या त्या क्रियापदाचाही भूतकाळ मुलं करू लागली. म्हणजे मुलं नुसती पोपटपंची करत नाहीत. आणि १९९२ मध्ये गॅरी मार्कस, स्टीव्हन पिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८३ मुलांच्या बोलण्यातली ११,५२१ अनियमित रूपं तपासली, तेव्हा 'गोड'सारख्या चुका निघाल्या जेमतेम अडीच टक्के. आपल्या लक्षात त्याच राहतात, म्हणून त्या जास्त वाटतात. टोकून त्या पटकन जात नाहीत. पण आईवडील एखादं रूप जितक्या वेळा सहज बोलतात, तितकी मुलाची त्या रूपातली चूक कमी होते.

भाचा आता पाच वर्षांचा आहे. 'जाला' कधी थांबलं ते आमच्या लक्षातही आलं नाही. आमच्या घरात दिवसभर कुणी ना कुणी कुठे ना कुठे गेलेलं असतं. गेल्या रविवारी त्याने टाळी वाजवून भिंतीवरचा डास टिपला आणि हात उघडून मला दाखवत म्हणाला, "मावशी, मरला." मी म्हटलं, "अरे वा, मेला का?" तो म्हणाला, "हो, पूर्ण मरला."