प्लेगच्या झडतीपासून सोसायटीच्या गेटपर्यंत

डिजिटल खासगीपणाचा विषय निघाला की आपली चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या खासगीपणाच्या निकालापासून सुरू होते. पुण्यात बसून बोलायचं तर मागे १८९७ पर्यंत जायला हवं.

त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. प्लेगचे रोगी शोधायला प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर पेठांमधल्या वाड्यांत शिरत, थेट स्वयंपाकघर आणि देवघरापर्यंत. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो. साथ आवरायला हवी हे लोकांना पटत होतं. टिळकांनी तर प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ काढलं. संताप होता तो घरात कोणी, कुठवर यायचं आणि जाब कोणाला विचारायचा, यावरून.

कायदा मात्र टिकला. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले आणि काही दिवसांत हाच कायदा पुन्हा बाहेर निघाला. घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के उमटले. मे महिन्यात ऑफिसला जाणाऱ्यांना आरोग्य सेतू ॲप सक्तीचं झालं, तेही त्यासाठी कुठलाही वेगळा कायदा नसताना. सक्ती पंधरवड्यात सैल झाली.

फोन टॅपिंगचं मूळ आणखी जुनं, १८८५ च्या तार कायद्यात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला काही अटी घातल्या: आदेश गृहसचिवांचा हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवत नेली तरी सहा महिन्यांपलीकडे नाही. पण परवानगी देणारं सरकार आणि ती तपासणारी समितीही सचिवांचीच. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतरही मांडणी तीच आहे. राजकीय नेत्यांचे फोन भलत्याच नावांखाली टॅप झाल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा नोंदला गेला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं तो रद्द केला. नेत्यांच्या बाबतीत निदान गाजावाजा तरी झाला. आपला फोन ऐकला गेला का, हे तुम्हाआम्हाला कळवायची तरतूदच कायद्यात नाही, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांमागे जर्मन बेकरीचा २०१० चा स्फोट आहे आणि २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट. ती भीती खरी होती.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. त्यानंतर सहा वर्षांनी डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात कंपन्यांना बांधलं, पण देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून वगळू शकतं.

कंपन्यांची पाळत पाहायला लांब जायला नको. आमच्या गेटवर पूर्वी सुतळीनं पेन बांधलेली वही असायची. पानं भरली की ती रद्दीत जायची. आता वॉचमनच्या हातात ॲपवाला फोन आहे. घरकामाच्या मावशी त्यांना दिलेला आकडा सांगतात आणि त्या किती वाजता आल्या, कोणकोणत्या फ्लॅटला गेल्या, कधी बाहेर पडल्या, सगळं कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं. एकीचा अर्धा तासाचा उशीर चार घरांच्या फोनवर वाजतो. वहीला हे जमत नव्हतं. हे ॲप घ्यायचं ठरलं त्या मीटिंगला मी होते; मावशींना विचारावं असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही.

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू होतात. तेव्हा संमती घेताना कोणती माहिती, कशासाठी, हे सांगावं लागेल, आणि ते मराठीत वाचायची सोयही द्यावी लागेल. मावशींना मी हे परवा जिन्यात सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग नको म्हटलं तर गेट उघडणार का?"