पॉवर सप्लायच्या आउटपुट-वर्गाची पडताळणी

दुसऱ्या यंत्राच्या आत बसवण्यासाठी सुटा विकला जाणारा आणि सुट्या स्वरूपातच सुरक्षा-प्रमाणपत्र मिळालेला पॉवर सप्लाय हा ‘प्रमाणित घटक’ मानला जातो. त्याच्या आउटपुटला दिलेला सुरक्षा-वर्ग प्रत्यक्ष यंत्रात आणि प्रत्यक्ष जागेवर टिकतो की नाही, हे कागदपत्रे व मोजमापे यांवरून ठरवणे म्हणजे ही पडताळणी होय. कोकण किनारपट्टीवर मासळी बंदरांवरचे इलेक्ट्रॉनिक काटे, बर्फ कारखान्यांची नियंत्रण पॅनेले आणि सीसीटीव्हीच्या पेट्या यांमध्ये असे घटक सर्रास आढळतात.

आउटपुटविषयी दोन वेगळे प्रश्न असतात: हात लागल्यास धक्का बसेल का, आणि तारा शॉर्ट झाल्यास आग लागण्याइतकी शक्ती मिळेल का. आयईसी ६२३६८-१ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानकात पहिल्याचे उत्तर ईएस१ ते ईएस३ या वर्गांनी, तर दुसऱ्याचे पीएस१ ते पीएस३ यांनी दिले जाते; आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. ईएस१ साठी डीसी विद्युत दाबाची मर्यादा ६० व्होल्ट आहे. पीएस१ मध्ये तीन सेकंदांनंतर मोजलेली शक्ती १५ वॅटपर्यंत, तर पीएस२ मध्ये पाच सेकंदांनंतर मोजलेली शक्ती १०० वॅटपर्यंत असते, त्यापुढे पीएस३. ‘बारा व्होल्ट म्हणजे निर्धोक’ हा बाजारातला समज त्यामुळे अर्धाच खरा ठरतो, कारण १२ व्होल्ट ३० अँपिअरचा सप्लाय बोटाला काही करत नसला तरी सैल स्क्रूखाली तार लाल करू शकतो. जुन्या आयईसी ६०९५०-१ मानकानुसार दिलेल्या कागदांवर या वर्गांऐवजी एसईएलव्ही (धक्क्याच्या दृष्टीने सुरक्षित कमी दाब) आणि एलपीएस (मर्यादित शक्तीचा स्रोत) ही संक्षिप्त नावे दिसतात.

भारतात यांतील अनेक सप्लायांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे आणि लेबलावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. ते मॉडेल नोंदलेले आहे एवढेच त्यातून कळते. कोणत्या आउटपुटला कोणता वर्ग मिळाला हे चाचणी अहवालातच पाहावे लागते. अहवालातील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी वाचले जाणारे पान स्वीकृतीच्या अटींचे असते. कमाल तापमान, आवश्यक आवरण, अर्थिंगची गरज आणि प्रदूषण-श्रेणी (भोवतालची धूळ व ओलावा यांची पातळी) त्यात लिहिलेली असते. यांतली एक अट मोडली तरी वर्गाचा आधार जातो.

शक्ती मोजताना लेबलावरचा आकडा पुरत नाही. २४ व्होल्ट ४ अँपिअर म्हणजे ९६ वॅट, म्हणून पीएस२, असे गणित कागदावर सुबक दिसते. पण अतिप्रवाह-संरक्षण ५ अँपिअरच्या पुढे गेल्यावरच काम करत असेल, तर त्याआधी १२० वॅट बाहेर पडलेले असतात. म्हणून डमी लोड (चाचणीपुरता जोडलेला कृत्रिम भार) हळूहळू वाढवत सप्लाय बंद पडण्याच्या अगदी अलीकडचा बिंदू गाठायचा आणि तिथे पाच सेकंदांनंतरचे वाचन घ्यायचे. आउटपुटांची जोडणीही पाहावी लागते: ४८ व्होल्टची दोन ईएस१ आउटपुटे सिरीजमध्ये जोडली की ९६ व्होल्ट होतात आणि ईएस१ संपते.

अर्थिंगचा मुद्दा कोकणात विशेष गंभीर आहे. जांभ्याच्या सड्यावर माती उथळ असते आणि उन्हाळ्यात कोरडी पडते, त्यामुळे अर्थिंगचा रोध वाढतो. क्लास १ च्या, म्हणजे सुरक्षेसाठी अर्थिंगवर अवलंबून असलेल्या सप्लायमध्ये फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, वाय-कपॅसिटर (विद्युत गोंगाट गाळणारे कपॅसिटर) जोडलेले असतात. ते सारख्या मूल्याचे असून अर्थची तार तुटली, तर चेसिस २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. आउटपुटची ऋण तार चेसिसला बांधली असेल तर तोच दाब काट्याच्या स्टीलच्या ताटापर्यंत पोहोचतो आणि ओल्या हाताला झिणझिणी जाणवते. सप्लाय बिघडलेला नसतो. फक्त अर्थिंगची अट पाळली गेलेली नसते.

प्रदूषण-श्रेणी हा दुसरा स्थानिक प्रश्न. बहुतेक घटक श्रेणी २ साठी, म्हणजे बिनवाहक धूळ आणि क्वचित दव अशा हवेसाठी प्रमाणित असतात. नेहमीच्या सर्किट बोर्डावर २५० व्होल्टसाठी प्रबलित निरोधनाचे (दुहेरी निरोधनाइतके संरक्षण देणाऱ्या विद्युतरोधनाचे) पृष्ठभागावरून मोजलेले अंतर श्रेणी २ मध्ये ५ मिलिमीटर लागते, श्रेणी ३ मध्ये ८ मिलिमीटर. खाऱ्या वाऱ्यात उघडी ठेवलेली पेटी श्रेणी ३ मध्येच जाते. अशा वेळी झिरपबंद पेटी वापरून आतली हवा श्रेणी २ ची राखणे किंवा मुळातच श्रेणी ३ साठी प्रमाणित सप्लाय घेणे, हे दोनच मार्ग प्रामाणिक आहेत. नंतर बोर्डावर फवारलेला लाख-थर गंज थोपवतो, पण ज्या थरासह चाचणी झालेलीच नाही त्याच्या भरवशावर वर्ग वाढत नाही.

डेटाशीटमधला निरोधन-रोध बहुधा ५०० व्होल्ट डीसीवर आणि ७० टक्के आर्द्रतेला दिलेला असतो, तर पावसाळ्यात किनाऱ्यावरची आर्द्रता बऱ्याचदा ९० टक्क्यांपलीकडे जाते. त्यामुळे इनपुट व आउटपुट यांच्यामधले मेगरचे (निरोधन-रोध मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन मे महिन्यात एकदा आणि ऐन श्रावणात एकदा घेतले, तरच दोन्हींतला फरक दिसतो.