डिस्क भरली, पण कशानं?

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या कापसाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की ऑफिसातल्या छोट्या स्टोरेज सर्व्हरलाही उसंत नसते. वजनकाट्याच्या पावत्या, गाठींचा हिशेब, कॅमेऱ्यांचं चित्रीकरण, सगळं त्याच्याच डिस्कांवर. गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना पावतीच निघेनाशी होते. डिस्क फुल! जागा कॅमेऱ्यांनी खाल्ली असं सगळ्यांना वाटतं. ती खाल्लेली असते सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगनं.

कोण आलं, कोणती फाइल उघडली, कुठली डिस्क अडखळली, हे सॉफ्टवेअर क्षणोक्षणी लिहून ठेवतं, तो लॉग. तो किती बारीक लिहायचा, हे आपण ठरवायचं असतं. 1980 च्या दशकात बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रणालीच्या कामात सिसलॉग, म्हणजे लॉग लिहिण्याची आणि पाठवण्याची पद्धत, तयार केलं. त्याच्या 0 ते 7 या पातळ्या आजही चालतात. 0 म्हणजे यंत्रणाच कोलमडली, 3 म्हणजे चूक, 4 इशारा, 5 दखल घ्यावी अशी नोंद, 6 साधी माहिती आणि 7 म्हणजे डीबग, अर्थात अखंड बडबड. बिघाड शोधायला कुणीतरी 7 लावतो, बिघाड सापडतो, आकडा तसाच राहतो. सेकंदाला 2000 ओळी आणि ओळीला 120 बाइट धरले तर दिवसाला 20 जीबी होतात. माझ्या मते एकूण सर्व्हरला 5 पुरे. लॉगिन आणि डिस्क या विभागांना 6 द्यावं. विभागवार पातळी ठेवता येते, ही सोय फार कमी जण वापरतात.

जुना लॉग कापून, दाबून, ठरावीक दिवसांनी काढून टाकायला लिनक्सवर लॉगरोटेट असतं. घाईत हातानं फाइल उडवली तर मात्र जागा सुटतेच असं नाही. एखाद्या प्रोग्रॅमनं ती उघडी ठेवली असेल, तर नाव जातं, जागा अडकलेलीच राहते. डिस्कच्या ज्या पार्टिशनवर मूळ डेटा आहे, तिथं लॉग ठेवूच नये, हे त्याहून सोपं.

आता मे महिन्याचं बघू. चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, कूलरची हवा सर्व्हरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. डिस्क खोलीपेक्षा दहाएक अंशांनी जास्तच तापते आणि बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा 60 अंशांच्या आसपास असते. डिस्कची तब्येत पाहणाऱ्या स्मार्टडीला इशाऱ्याचं तापमान सांगता येतं. एसी खोलीच्या हिशेबानं तिथं 40 लिहिलं, तर आपल्याकडे उन्हाळाभर इशारेच येणार आणि कुणी ते वाचणार नाही. मी माहितीसाठी 50 आणि गंभीर इशाऱ्यासाठी 55 ठेवीन. खराब सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या निकामी तुकड्यांचा, आकडा वाढला की मात्र ऋतू न पाहता कळवायला लावीन. तापमान उतरतं, तो आकडा उतरत नाही.

सर्व्हरच बसला तर त्याचा लॉग वाचणार कुठून? म्हणून नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवतात. सिसलॉगची जुनी वाट म्हणजे यूडीपी या नेटवर्कवरून पाठवण्याच्या पद्धतीचं 514 क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे दार. तिथं पोच मिळत नाही; ओळ हरवली तर हरवली. आपल्याकडे यूपीएस असतो सर्व्हरला, नेटवर्क स्विच, म्हणजे यंत्रांच्या तारा जोडणारा डबा, मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगला. लाइन गेली की सर्व्हर ओरडतो, पण तार मुकी! नेमक्या त्याच नोंदी गळतात. पोच घेणारी टीसीपी ही पद्धत वापरावी, वाट बंद असेल तेव्हा नोंदी डिस्कवर रांगेत ठेवण्याची सेटिंग चालू करावी आणि स्विचही यूपीएसवर घ्यावा.

वेळेचंही बघून घ्यावं. सिसलॉगच्या जुन्या नमुन्यात वर्ष नसतं, टाइमझोनही नसतो. कॅमेरा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि सर्व्हर भारतीय वेळेवर असेल, तर दोन्हींत साडेपाच तासांचा फरक पडतो आणि चोरी कधी झाली यावरच वाद होतो. 2009 च्या आरएफसी 5424 या इंटरनेट मानकाच्या नमुन्यात पूर्ण तारीख आणि टाइमझोन मावतो, तोच निवडावा.

सगळं लावून झालं की लॉगर या कमांडनं एक खोटी नोंद पाठवावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उमटते का ते बघावं. मग स्विचची वायर काढून पुन्हा पाठवावी, वायर लावावी आणि ती उशिरा का होईना पोचते का ते पाहावं. हे हंगामाआधी, गेटवर गाड्या नसताना.